मूलपेशींनी नवी रक्तवाहिनी फुटते का?

पायाला रक्त पुरवणारी रोहिणी हळूहळू अरुंद होत गेली, की आधी चालताना पोटरी भरून येते. थोडे थांबले की बरे वाटते, म्हणून माणूस ते दुखणे वयाच्या नाहीतर वाताच्या खात्यावर टाकून मोकळा होतो. आजार वाढला की अंथरुणावर पडल्यापडल्याही पाऊल ठणकू लागते. पाय खाटेखाली लोंबता सोडला तर गुरुत्वाकर्षणामुळे थोडे जास्त रक्त खाली उतरते आणि कळ कमी होते, म्हणून असे रुग्ण रात्ररात्र पाय खाली सोडून बसून काढतात. त्यानंतर बोटाच्या टोकाशी किंवा टाचेवर न भरणारी जखम होते आणि शेवटी बोटे काळी पडू लागतात. घोट्यापाशी मोजलेला रक्तदाब आणि दंडावर मोजलेला रक्तदाब यांचे गुणोत्तर निरोगी माणसात एकच्या आसपास असते. ते 0.9 च्या खाली गेले की रोहिणीत अडथळा आहे असे समजतात, आणि 0.4 च्या खाली गेले की पायच धोक्यात येतो. अशा वेळी फुगा घालून वाहिनी रुंद करतात, स्टेंट बसवतात किंवा पायातलीच नीला काढून बायपास करतात. पण काही रुग्णांच्या गुडघ्याखालच्या वाहिन्या इतक्या बुजलेल्या असतात की बायपासचे दुसरे टोक शिवायला जागाच सापडत नाही. मूलपेशींच्या उपचाराची कल्पना मुख्यतः या रुग्णांसाठी पुढे आली: जुनी वाट उघडता येत नसेल तर शरीराकडूनच नवी तयार करून घ्यावी.

ही कल्पना लोकांपुढे येते ती फार सोप्या रूपात. अस्थिमज्जेतून मूलपेशी काढायच्या, पोटरीत टोचायच्या, त्यांच्या रक्तवाहिन्या होतील आणि पाय वाचेल. या एका वाक्यात तीन वेगवेगळी विधाने एकमेकांत मिसळलेली आहेत, आणि तिन्हींचा पुरावा सारखा नाही. टोचलेल्या पेशी स्वतः रक्तवाहिनी बनतात, हे बहुतांशी चुकीचे ठरले आहे. त्यांच्यामुळे आसपासच्या वाहिन्यांना फुटवे येतात, हे प्राण्यांत बऱ्याच अंशी खरे आहे. आणि त्या फुटव्यांनी माणसाचा पाय वाचतो, हे अजून ठामपणे सिद्ध झालेले नाही. फार तर एका अरुंद गटाच्या बाबतीत तशी आशा धरायला आधार आहे. मूलपेशींकडे अवयव घडवणारी जादू म्हणून पाहणे सोडून एक संथ, अवघड आणि मर्यादित औषध म्हणून पाहिले, तर गेल्या पाव शतकातले यश आणि अपयश दोन्ही समजते. औषध म्हटले की त्याला औषधाचीच परीक्षा द्यावी लागते.

या विषयाची मुळे कर्करोगाच्या संशोधनात आहेत. बोस्टनचे शल्यचिकित्सक ज्युडा फोकमन यांनी 1971 मध्ये असे मांडले, की गाठीला ठराविक आकारापलीकडे वाढायचे तर स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या बोलावून घ्याव्या लागतात. त्या बोलावणाऱ्या पदार्थाचा शोध पुढे अनेक वर्षे चालला. हॅरॉल्ड ड्वोरॅक यांच्या गटाने 1983 मध्ये वाहिन्यांच्या भिंती झिरपत्या करणारे एक प्रथिन वर्णिले, आणि 1989 मध्ये नेपोलिओने फेरारा यांच्या गटाने ज्या वृद्धिघटकाचे जनुक वेगळे केले, तो तोच निघाला: व्हीईजीएफ. कर्करोगतज्ज्ञांना हा घटक अडवायचा होता. हृदयरोगतज्ज्ञांना नेमका उलटा मोह पडला. बोस्टनच्याच जेफ्री इस्नर यांनी 1990 च्या दशकाच्या मध्यावर या घटकाचे जनुक रक्तपुरवठा तुटलेल्या पायांत सोडण्याचे प्रयोग सुरू केले. त्यांच्या प्रयोगशाळेतील ताकायुकी आसाहारा यांनी 1997 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात जाहीर केले, की प्रौढ माणसाच्या रक्तात वाहिनीच्या अस्तराच्या पूर्वज पेशी फिरत असतात आणि रक्त तोडलेल्या पायाच्या प्राण्यात त्या सोडल्या तर नव्या केशवाहिन्यांत जाऊन बसतात. तोवर समज असा होता, की प्रौढ शरीरात नवी वाहिनी जुन्या वाहिनीच्या अस्तरातूनच फुटते. आता वाहिन्यांचा कच्चा माल रक्तातच आहे असे दिसू लागले, आणि तो अस्थिमज्जेतून सिरिंजने काढता येईल असे वाटू लागले.

पुढचे पाऊल जपानमध्ये पडले. 2002 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत रुग्णांच्या स्वतःच्या अस्थिमज्जेतील पेशी पोटरीच्या स्नायूत टोचल्या होत्या. दोन्ही पाय आजारी असलेल्या रुग्णांत एका पायात मज्जेतील पेशी आणि दुसऱ्यात रक्तातील साध्या पांढऱ्या पेशी, अशी हुशारीने मांडणी केली होती. चार आठवड्यांत मज्जेच्या बाजूचा घोट्याचा दाब, त्वचेतील ऑक्सिजन आणि वेदना यांत सुधारणा दिसली. त्याच सुमारास हृदयाच्या बाबतीत याहून मोठे दावे होऊ लागले होते. 2001 मध्ये पिएरो अँव्हर्सा यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये लिहिले, की उंदराच्या झटका आलेल्या हृदयात मज्जेतील पेशी सोडल्या की त्यांचे हृदयस्नायू आणि रक्तवाहिन्या दोन्ही बनतात. काही महिन्यांतच जगभरच्या रुग्णालयांत माणसांवर प्रयोग सुरू झाले. वैद्यकात कल्पनेपासून खाटेपर्यंतचा प्रवास एरवी दशकभर चालतो. इथे तो इतका झटपट झाला, कारण पेशी रुग्णाच्याच होत्या, त्यामुळे त्यांना औषध मानायची गरज कोणाला वाटली नाही. पुढचा बराच गोंधळ या एका समजुतीतून निघाला, असे माझे मत आहे.

पहिले विधान फार काळ टिकले नाही. 2004 मध्ये दोन स्वतंत्र गटांनी ‘नेचर’च्या एकाच अंकात दाखवून दिले, की मज्जेतील रक्तजनक पेशी हृदयात सोडल्या तरी त्या रक्ताच्याच पेशी राहतात, हृदयस्नायू बनत नाहीत. त्याच वर्षी जर्मनीतील बाड नाउहाइमच्या संशोधकांनी मज्जेतील पेशींना खूण करून पाहिले, तर वाढत्या वाहिन्यांच्या भिंतीत त्या आढळल्याच नाहीत. त्या वाहिन्यांच्या बाहेर, भोवताली जमल्या होत्या. 2007 मध्ये मर्विन योडर आणि सहकाऱ्यांनी एकेका पेशीची वंशावळ तपासली. अनेक प्रयोगशाळांत ज्यांना अस्तराच्या पूर्वज पेशी म्हणून वाढवले जात होते, त्या खरे तर पांढऱ्या पेशींच्या कुळातल्या निघाल्या. अस्सल पूर्वज पेशी रक्तात आहेत, पण अत्यंत विरळ. अँव्हर्सा यांच्या कामाचा शेवट तर दुःखद झाला: 2018 मध्ये हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालय आणि तिथल्या ब्रिगहम रुग्णालयाने त्यांच्या प्रयोगशाळेचे 31 शोधनिबंध मागे घ्यावेत अशी शिफारस केली, कारण त्यांतील माहिती खोटी किंवा बनावट असल्याचे चौकशीत आढळले होते.

मग प्राण्यांमध्ये सुधारणा दिसते ती कशामुळे? उत्तर पेशींच्या स्रावात आहे. ऑक्सिजन कमी पडला की कोणत्याही पेशीत एचआयएफ नावाचे प्रथिन साचते आणि ते व्हीईजीएफसह अनेक जनुके चालू करते. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना 2019 चे नोबेल मिळाले. अस्थिमज्जेच्या आधारऊतीतून वाढवलेल्या पेशी, ज्यांना मेसेन्कायमल पेशी म्हणतात, असे वृद्धिघटक भरपूर सोडतात. शिवाय दाह शमवणारी रसायने आणि बारीक पुटिकाही सोडतात. टोचलेल्या पेशींतील बहुतेक पेशी काही दिवसांतच मरतात, पण तेवढ्या काळात त्यांच्या स्रावाने जवळच्या केशवाहिन्यांना फुटवे येतात आणि मॅक्रोफेज या सफाई करणाऱ्या पेशी तिथे गोळा होतात. या मॅक्रोफेजचे महत्त्व किती असावे, याचा धक्कादायक पुरावा सिनसिनाटीच्या जेफ्री मॉल्केंटिन यांच्या गटाने दिला. त्यांनी उंदरांच्या जखमी हृदयात जिवंत मूलपेशी टोचल्या. दुसऱ्या गटात गोठवून मारलेल्या पेशी टोचल्या. तिसऱ्या गटात तर पेशीच नव्हत्या. यीस्टच्या भिंतीपासून मिळणारे झायमोसान हे दाह पेटवणारे रसायन होते. हृदयाची कामगिरी तिन्ही गटांत सुधारली. म्हणजे निदान त्या प्रयोगात तरी काम केले ते शरीराच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशींनी. मूलपेशी हे निमित्त होते. यावरून सगळा उपचार निरर्थक ठरत नाही. पण ‘जिवंत, तरुण, सर्वशक्तिमान पेशी’ या जाहिरातीतल्या चित्राला यातून मोठे भगदाड पडते.

आता दुसऱ्या विधानाची मर्यादा पाहू, कारण खरी अडचण तिथेच आहे आणि ती जीवशास्त्रापेक्षा भौतिकशास्त्राची अधिक आहे. शरीरात नवा रक्तमार्ग दोन प्रकारे तयार होतो. ऑक्सिजन कमी पडला की केशवाहिन्यांना फुटवे येतात. व्हीईजीएफ हे काम करतो. दुसरा प्रकार वेगळा आहे. मोठ्या रोहिणीत अडथळा आला की तिला बगल देणाऱ्या, आधीपासूनच असलेल्या बारीक पूरक रोहिण्यांतून रक्त जोराने वाहू लागते. त्या घर्षणाने त्यांच्या भिंतीला चेतना मिळते आणि त्या महिन्यांच्या अवधीत रुंद व जाड होतात. बाड नाउहाइमचे वोल्फगांग शापर यांनी या दुसऱ्या प्रक्रियेचा आयुष्यभर अभ्यास केला आणि ती पहिलीपेक्षा वेगळी आहे हे सातत्याने मांडले. फरक किती मोठा आहे, ते प्वाझेयच्या नियमाने कळते. नळीतून वाहणारा प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. तीन मिलिमीटर व्यासाची रोहिणी आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी केशवाहिनी यांच्या रुंदीत 300 पटींचा फरक आहे, आणि 300 चा चौथा घात 810 कोटी होतो. लांबी आणि दाब सारखेच धरले, तर बुजलेल्या एका रोहिणीचे काम करायला एवढ्या केशवाहिन्या लागतील. उलट, एखाद्या पूरक रोहिणीचा व्यास नुसता दुप्पट झाला तरी तिच्यातला प्रवाह 16 पट होतो. कालव्यालाच पाणी नसेल तर शेतभर कितीही चाऱ्या काढा, पीक भिजत नाही. म्हणून फक्त केशवाहिन्यांना फुटवे आणणारा उपचार मांडीतली रोहिणी बंद असलेल्या रुग्णाचा पाय वाचवील, ही अपेक्षाच मुळात चुकीच्या जागी ठेवलेली होती. तो कामाला आला तर तिथे येईल, जिथे वरचा प्रवाह बऱ्यापैकी शाबूत आहे आणि टंचाई अगदी टोकाशी आहे.

तिसरे विधान रुग्णांवरच्या चाचण्यांचे. इथे पुरावा जितका काटेकोर होत गेला, तितका परिणाम विरत गेला. नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे झालेली ‘जुव्हेंटास’ चाचणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात शस्त्रक्रियेचा पर्याय संपलेले 160 रुग्ण होते. सगळ्यांची मज्जा काढण्यात आली. अर्ध्यांना मज्जेतील पेशी रोहिणीतून तीन वेळा दिल्या, अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या द्रवात त्यांच्याच लाल रक्तपेशी दिल्या, जेणेकरून रंगावरूनही कोणाला कळू नये. सहा महिन्यांत घोट्यावरून पाय कापावा लागलेले रुग्ण उपचाराच्या गटात 19 टक्के आणि दुसऱ्या गटात 13 टक्के होते. संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नाहीच. विशेष म्हणजे वेदना, दाबाचे गुणोत्तर आणि जगण्याची प्रत दोन्ही गटांत सुधारली. 2017 मध्ये इटलीतील संशोधकांनी अशा अनेक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण केले. सगळ्या चाचण्या एकत्र धरल्या तर पाय कापण्याचा धोका 37 टक्क्यांनी कमी झालेला दिसला. प्लासिबोशी, म्हणजे खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खोट्या उपचाराशी, तुलना केलेल्या चाचण्याच तेवढ्या ठेवल्या तर तो लाभ ठामपणे सांगता येईना. बाळाच्या वारेपासून बनवलेल्या पेशींची एका इस्रायली कंपनीची 213 रुग्णांची मोठी चाचणी 2020 च्या अखेरीस मध्यावरच थांबवली गेली, कारण पुढे जाऊन यश मिळण्याची शक्यता उरली नव्हती. जनुकोपचाराची कथाही अशीच आहे. फायब्रोब्लास्ट वृद्धिघटकाच्या जनुकाची 30 देशांतील 525 रुग्णांवरची चाचणी 2011 मध्ये संपली तेव्हा मृत्यू किंवा पाय कापणे याचे प्रमाण प्लासिबोच्या गटात 33 टक्के आणि उपचाराच्या गटात 37 टक्के निघाले. जपानने एका दुसऱ्या जनुकोपचाराला 2019 मध्ये सशर्त मान्यता दिली होती. पुढच्या अभ्यासात तो परिणाम पुन्हा दाखवता आला नाही आणि 2024 मध्ये कंपनीने अर्ज मागे घेतला.

यावर शल्यचिकित्सकांचा एक आक्षेप नेहमी येतो आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. ते म्हणतात, आमच्या डोळ्यांसमोर जखमा भरतात, रात्रभर बसून काढणारा रुग्ण झोपू लागतो, मग तुमच्या आकडेवारीने आमचे डोळे खोटे कसे ठरतात? त्यांचे डोळे खोटे नाहीत. पण चाचणीत आलेल्या रुग्णाला पेशींखेरीज बरेच काही मिळते. त्याची जखम दर आठवड्याला कोणी तरी नीट साफ करते, स्टॅटिन आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी नियमित पोटात जाते, साखर तपासली जाते, तंबाखू सोडण्याचा तगादा लागतो. शिवाय रुग्ण दवाखाना गाठतो तो बहुधा त्याची प्रकृती सर्वांत वाईट असताना, आणि त्या तळापासून काही जण कोणत्याही उपचाराने वर येतात. ‘जुव्हेंटास’मध्ये नुसत्या लाल पेशी मिळालेले रुग्णही सुधारले ते यामुळेच. डोळ्यांना सुधारणा दिसते, तिचे कारण दिसत नाही. कारण शोधायला तुलनेचा गट लागतो, आणि कोणाला काय मिळाले हे मोजणाऱ्यालाही माहीत नसावे लागते. ही खबरदारी नसली की काय होते, याचा एक अप्रिय नमुना हृदयाच्या चाचण्यांत सापडला. लंडनमधील संशोधकांनी 2014 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मज्जापेशींच्या 49 चाचण्यांच्या अहवालांतील विसंगती मोजल्या, कुठे टक्केवारी जुळत नव्हती, कुठे रुग्णांची संख्याच बदलत होती. ज्या अहवालांत 30 हून अधिक विसंगती होत्या, त्यांत हृदयाची क्षमता सरासरी 7.7 टक्क्यांनी वाढलेली होती. ज्यांत एकही विसंगती नव्हती, त्यांत वाढ शून्याच्या आसपास होती.

दुसरा आक्षेप प्राण्यांवरच्या प्रयोगांचा: तिथे तर इतके स्पष्ट यश मिळते, मग माणूस इतका वेगळा कसा? उंदराची मांडीतली रोहिणी बांधली जाते तेव्हा तो तरुण, निरोगी आणि तंबाखू न ओढणारा असतो. त्याचा अडथळा एका दुपारी निर्माण होतो. प्रयोगशाळेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका जातीच्या उंदराचा रक्तपुरवठा काही आठवड्यांत आपोआपच बराचसा सुधारतो. पेशी दिल्या तर ही सुधारणा लवकर होते, एवढाच फरक. माणसाच्या रोहिणीत अडथळा वीस-तीस वर्षे मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूर यांच्या संगतीने वाढलेला असतो, आणि याच गोष्टींनी त्याच्या मज्जेतील पेशीही दुबळ्या झालेल्या असतात. रुग्णाच्या स्वतःच्याच पेशी वापरण्यातला हा मोठा विरोधाभास आहे. ज्याला उपचाराची गरज सर्वांत जास्त, त्याच्या पेशी सर्वांत कमी कामाच्या. म्हणून निरोगी दात्यांच्या पेशी वाढवून, त्यांची ताकद तपासून, ठरलेल्या मात्रेत देण्याचा मार्ग मला अधिक पटतो. मेसेन्कायमल पेशींना रोगप्रतिकारक यंत्रणा तुलनेने कमी विरोध करते, त्यामुळे ते शक्यही होते. आणि बाटलीबंद, मात्रा ठरलेली वस्तू म्हटली की तिला औषधाच्या परीक्षेतून सूट मागता येत नाही, हा आणखी एक फायदा.

हे सगळे लक्षात घेतले, की एक आजार ठळकपणे वेगळा उठून दिसतो: बर्गरचा आजार. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील लिओ बर्गर यांनी 1908 मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. तो प्रामुख्याने पन्नाशीच्या आतील तंबाखू ओढणाऱ्या पुरुषांना होतो. यात कोलेस्टेरॉलचे थर नसतात. हातापायांच्या लहान आणि मध्यम रोहिण्यांत दाह होऊन गुठळी बसते. मांडीतली मोठी वाहिनी बहुधा खुली असते, टंचाई पोटरीखाली आणि पावलात असते. रुग्ण तरुण असतो, हृदय आणि मूत्रपिंडे धड असतात. पण खालच्या वाहिन्या बुजलेल्या असल्याने बायपासला जागा नसते. म्हणजे जिथे पेशींचा उपचार चालण्याची भौतिक शक्यता आहे, ती परिस्थिती इथे जवळजवळ नमुनेदार जुळून येते. जपानी चाचणीतील आणि पुढे त्यात भर पडलेल्या रुग्णांचा तीन वर्षांचा आढावा 2008 मध्ये आला, तेव्हा थरांमुळे रोहिण्या बुजलेल्यांपैकी 60 टक्क्यांचे आणि बर्गरच्या रुग्णांपैकी 91 टक्क्यांचे पाय शाबूत होते. हा आजार आपल्याकडे परका नाही. दक्षिण आशियात तो बिडीच्या धुराशी घट्ट जोडलेला आहे, आणि ज्या राज्यात गडचिरोली-गोंदियाच्या जंगलातला तेंदूपत्ता सिन्नर आणि सोलापूरच्या बायकांच्या हातांनी वळला जातो, तिथल्या शल्यचिकित्सकाला काळ्या पडलेल्या बोटांचा पस्तिशीतला बिडीवाला रुग्ण ओळखीचा असतो.

म्हणूनच भारतातला प्रयोग याच आजारापासून सुरू झाला, हे मला सुसंगत वाटते. बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्स कंपनीने अनेक निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतील मेसेन्कायमल पेशी एकत्र वाढवून ‘स्टेमप्यूसेल’ हे उत्पादन तयार केले. बर्गरच्या 90 रुग्णांच्या चाचणीत काहींना शरीराच्या दर किलो वजनामागे 10 लाख, काहींना 20 लाख पेशी पोटरीच्या स्नायूत दिल्या आणि उरलेल्यांवर नेहमीचे उपचार केले. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मोठ्या मात्रेच्या गटात वेदना अधिक कमी झाल्या आणि जखमा अधिक भरल्या. भारताच्या औषध महानियंत्रकांनी 2016 मध्ये मर्यादित परवानगी दिली होती. 2020 मध्ये बर्गरचा आजार आणि थरांमुळे होणारा तीव्र आजार अशा दोन्हींसाठी मान्यता मिळाली. पण या चाचणीत रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते आणि कोणाला पेशी मिळाल्या हे उघड होते. बर्गरच्या आजारात ही उणीव फार जड जाते, कारण इथे तंबाखू सोडणे हाच सर्वांत प्रभावी उपचार आहे. अमेरिकेतील क्लीव्हलंड क्लिनिकच्या रुग्णांच्या पाहणीत तंबाखू सोडलेल्यांपैकी शंभरात पाच-सहा जणांनाच अवयव गमवावा लागला. न सोडलेल्यांत हे प्रमाण चाळीसहून जास्त होते. मग जपानी आढाव्यातील त्या 91 टक्क्यांत पेशींचा वाटा किती आणि बिडी-सिगारेट सुटल्याचा किती? त्या आढाव्यात तुलनेचा गट नसल्याने हा हिशेब मांडताच येत नाही. माझा निवाडा असा: बर्गरच्या आजारासाठी दिलेली परवानगी समजण्यासारखी आहे, कारण आजार विरळ, पर्याय जवळजवळ नाही आणि जीवशास्त्राचा आधार बरा आहे. मधुमेह आणि थरांच्या रुग्णांपर्यंत ती वाढवताना मात्र, जगभरच्या प्लासिबो-चाचण्यांचा कौल पाहता, पुरावा अधिक कडक मागायला हवा होता.

“नाही तरी पाय जाणारच आहे, मग करून पाहायला काय हरकत आहे?” हा प्रश्न रुग्णाच्या घरच्यांकडून येतो तेव्हा त्याला आकड्यांनी गप्प करणे बरे नाही. पण त्याचे उत्तर आहे. नियंत्रित चाचण्यांमध्ये पायातल्या उपचाराचे मोठे दुष्परिणाम ठळकपणे दिसलेले नाहीत. वाहिन्या वाढवणारा उपचार दडलेल्या कर्करोगाला किंवा मधुमेहींच्या डोळ्यांच्या पडद्यावरील विकाराला खतपाणी घालील ही शंका तर्काला धरून आहे. म्हणून अशा रुग्णांना चाचण्यांतून बहुधा वगळले जाते, आणि त्यामुळेच त्यांच्यासाठी तो सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही. ‘स्वतःच्याच पेशी, त्यांनी काय होणार’ हा दिलासाही खरा नाही. अमेरिकेत फ्लोरिडामधील एका क्लिनिकने तीन स्त्रियांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या आणि तिघींचीही दृष्टी गेली किंवा अतिशय क्षीण झाली. 2017 मध्ये हे ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने नोंदवले. पायाच्या बाबतीत सर्वांत मोठी हानी मात्र वेळेची होते. बायपास किंवा फुग्याने वाचू शकणारा पाय मूलपेशींच्या आशेवर दोन महिने थांबला, तर तो वाचण्याची संधीच हातून जाते. कुटुंबाची जमीन किंवा दागिने यात गेले, ही हानी कोणत्याही चाचणीच्या तक्त्यात येत नाही.

आपल्याकडचे नियम कागदावर स्पष्ट आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांतील रक्तजनक मूलपेशींचे प्रत्यारोपण सोडले, तर बाकी सर्व वापर संशोधन म्हणून, नोंदवलेल्या चाचणीतच व्हायला हवा. 2019 च्या औषध व चाचणी नियमांनी मूलपेशींपासून बनवलेले उत्पादन ‘नवीन औषध’ ठरवले आहे. तेव्हा पायाच्या रक्तपुरवठ्यासाठी कोणी मूलपेशी सुचवल्या, तर आधी रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाकडून अँजिओग्राफी पाहून बायपास किंवा फुगा खरोखर शक्य नाही याची लेखी खात्री करून घ्या. मग विचारा, हे मान्यता मिळालेले उत्पादन आहे की चाचणी? उत्पादन असेल तर त्याचे नाव, बॅच आणि मान्यता कोणत्या आजारासाठी आहे ते मागा. चाचणी असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामधील नोंदणी क्रमांक मागा. ही नोंदवही इंटरनेटवर कोणालाही पाहता येते आणि 2009 पासून चाचणीची नोंद सक्तीची आहे. चाचणीतल्या औषधासाठी रुग्णाकडून पैसे मागितले जात असतील तर तिथून उठून या. आणि आजार बर्गरचा असेल, तर पेशी घ्या अथवा घेऊ नका, बिडी-सिगारेटसोबत चुना-तंबाखू आणि मशेरीही त्याच दिवशी बंद करा. न ओढता खाल्लेला तंबाखूही हा आजार चालू ठेवतो.